वैशाखात बुडालेली दोघं

उमरथडीच्या बन्सीधर कारकुनांनी कादंबरी लिहायला घेतली, ती वेळ जाईना म्हणून नव्हे अन् नाव व्हावं म्हणून तर मुळीच नव्हे. लेकीचं लग्न अडलं म्हणून घेतली. तुम्ही म्हणाल, लेकीचं लग्न अडलं तर माणूस पाव्हण्यारावळ्यांकडं खेटे घालतो, चपला झिजवतो. कादंबरी कोण लिहितं? खरं आहे. पण इथं स्थळ शोधायचं नव्हतंच, ते सापडलेलं होतं. पोरगा चांगला, पोरगी राजी, कुळी जुळलेली. आडवी आली होती ती दोन माणसं, आणि ती दोघंही सव्वाशे वर्षांमागं मेलेली. जित्या माणसाच्या हातापाया तरी पडता येतं, मेलेल्यांची समजूत काढायची कशी?

गंगाखेडच्या खालच्या अंगाला, गंगेच्या अलीकडच्या काठावर उमरथडी अन् पलीकडच्या काठावर लिंबगव्हाण. गोदावरी म्हणायचं ते पुस्तकात, बोलताना गंगाच. तर अलीकडची गोजरा अन् पलीकडचा माधव. वाळूतल्या टरबुजाच्या वाड्यांवरून दोन घरांत हाडवैर, आणि या दोघांचा नेमका एकमेकांवर जीव जडलेला. घरच्यांनी दारं लावली, तेव्हा गोजरेनं भरल्या गंगेत उडी टाकली, अन् ती बुडताना बघून माधवानंही टाकली. काठावर त्यांच्या नावाचे दोन दगड शेजारी शेजारी उभे. तेव्हापासून या दोन गावांत पोरगी द्यायची नाही, करायची नाही. एकमेकांची भाकरी चालते, बैल चालतो, मयतीला खांदा चालतो, सून तेवढी चालत नाही. पोरगी गंगेपार दिली की वर्षाच्या आत घरातलं माणूस जातं, असं जो तो सांगायचा. कोण गेलं होतं, असं विचारलं तर नाव कुणालाच सांगता यायचं नाही, कारण तशी पोरगी कुणी कधी दिलीच नव्हती.

वैशाख वद्य पंचमी ही दोघं बुडाली ती तिथी. दरसाल त्या दिवशी दोन्ही गावांची माणसं दगडांपाशी जमायची. एकेका घराची पाळी असायची. ते घर पुरणपोळी, भात, कढी असं भरलेलं पान दगडांपुढं ठेवायचं, अन् कावळा शिवायची वाट बघत सगळे बसायचे. कावळा कधीच शिवला नाही. ऊन सोसेनासं झालं की माणसं उठून घरी जायची आणि पान लिंबगव्हाणची कुत्री खायची.

बन्सीधररावांनी निजामाच्या राज्यात उर्दूतून शिक्षण घेतलेलं. तहसिलीच्या दफ्तरात अडतीस वर्षं काढली. सरकार बदललं, भाषा बदलली, लाल फडक्यातले बस्ते तेच राहिले. जुने पंचनामे वाचून वाचून त्यांना एक खोड लागली होती. कागद हातात आला की आधी तारीख वाचायची, मजकूर मागून. "मजकूर कुणी बी सजवून लिहील," ते म्हणायचे, "माणूस घसरतं ते तारखेत." पंच्याहत्तर साली पेन्शनीत निघून गावी आले, तेव्हा खोडही सोबत आली.

पंचफुला त्यांची एकुलती एक. मॅट्रिक झालेली, लिंबगव्हाणच्या बालवाडीत शिकवायला जायची. पावसाळ्यात नावेतून, उन्हाळ्यात चपला हातात घेऊन पायी. पलीकडचा सूर्यभान पूर्णेला रेल्वेत खलाशी होता. सुट्टीला गावी आला की त्याला नेमकं बालवाडीवरूनच जायचं काम निघायचं. पुढचं सांगायला नको. सूर्यभानची आजी तानुबाई, ऐंशीची म्हातारी, काठी टेकत गंगा ओलांडून स्वतः मागणी घालायला आली. म्हणाली, "बन्सीधर, मी आता कवा बी जाईन. मला त्या दगडांचं भ्या दाखवू नको."

बन्सीधरराव राजी होते. "न्हाई" म्हणाल्या त्या त्यांच्या मंडळी, मनकर्णाबाई.

मनकर्णाबाई माहेरच्या बोरीच्या. बोलायला मोकळ्या, हसायला त्याहून मोकळ्या. पण हा विषय निघाला की तोंडाला कुलूप. नवऱ्यानं समजावलं, पंचफुलानं दोन दिवस जेवण टाकलं, काही उपयोग नाही. "माजी एकच हाय. मी ती गंगेपार देणार न्हाई. बास," एवढंच. बन्सीधरराव वैतागले. सांगून ऐकणारी बाई नव्हती ती. पण एक गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती. गोष्ट सुरू झाली की मनकर्णाबाई चुलीवरचं करपलं तरी जागची हलत नाही. मग त्यांनी शंभरपानी वही आणली, शाईची दौत भरली अन् पहिल्या पानावर झोकात लिहिलं: 'गोजरा-माधव मृत्युप्रकरण, अर्थात सरवर अमीनचा तपास.'

सरवर अमीन हा निजामाचा फौजदार, सगळा बन्सीधररावांच्या डोक्यातून निघालेला. पोट सुटलेलं, तोंडात पान, बसायला खेचर, अन् खेचर अमीनसाहेबांचं सोडून सगळ्यांचं ऐकणारं. गोजरा-माधव बुडाल्याच्या तिसऱ्या दिवशी तो तपासाला उमरथडीत येतो, इथून कादंबरी सुरू.

शहात्तरच्या श्रावणात मारुतीच्या देवळात दुपारची पोथी लागली होती. पोथी सांगणाऱ्या बुवांचा घसा बसला, चार दिवस देऊळ सुनं पडलं, तेव्हा बन्सीधरराव वही घेऊन जाऊन बसले. पहिल्या दिवशी सात माणसं होती. तिसऱ्या दिवशी देवळात पाय ठेवायला जागा उरली नाही. अमीनसाहेब चावडीत बसल्या बसल्या घोरतो अन् घोरता घोरता सगळं ऐकतो, म्हटल्यावर बाप्ये मांडीवर थापा मारून हसले. बुवांचा घसा सुटला तरी त्यांना कुणी बोलावलं नाही, बिचारे स्वतःच वही ऐकायला येऊन बसले. मनकर्णाबाई बायकांच्या बाजूला खांबाआड. समोर तुरीचं सूप, जणू काही डाळ निवडायलाच देवळात आल्या होत्या.

पाचव्या दिवशी अमीनसाहेब वाळूत उतरला. बन्सीधररावांनी आवाज चढवून वाचलं: "अमीनसाहेबांनी जोडे हातात घेतले, इजार वर धरली, या काठावरून त्या काठाला गेले अन् परत आले. मग इजार खाली सोडून म्हणाले, क्यों रे पटेल, तुम्हारे दो आदमी डूबे कैसे? मेरे तो पाँव के टखने बी नै भीगे!"

 मग मागून कुणीतरी म्हणालं, "आयला, वैशाख की हो!"

झालं. एकच गलका उडाला. दरसाल वैशाखात, त्याच तिथीला, पायाला चटके घेत वाळूतून चालत जायचं अन् भरल्या गंगेत बुडालेल्यांना पान ठेवायचं, हे सव्वाशे वर्षं दोन गावं करत होती आणि एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं! म्हातारे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. बन्सीधररावांना असा आनंद झाला की चष्मा पुसायचं निमित्त करावं लागलं. त्यांनी खांबाकडं पाहिलं तर सूप तिथंच होतं, मनकर्णाबाई निघून गेल्या होत्या.

घरी आले, तर त्या ओसरीवर भिंतीला टेकून बसलेल्या. चेहरा उतरलेला.

"तुमाला हे कुणी सांगितलं?"

"काय?"

"पाण्याचं."

"कुणी कशाला सांगाया पाहिजे? तिथी बघितली. दफ्तरात जलम गेला माजा."

 मनकर्णाबाई खाली बघतच म्हणाल्या, "मी इचारलं होतं. लग्नानंतरच्या दुसऱ्या वैशाखात. बाळ माज्या कडेवर होतं. समदे वाळूतून चाललो होतो, अन् मी सासूला म्हणलं, आत्याबाई, इथं बुडायला पाणी कुठंय? त्यांनी समद्यांदेखत माज्या तोंडात मारली. म्हणल्या, मेलेल्यांची थट्टा करायलीस, भोगशील. अन् भोगलं मी. आठ दिसांत बाळ गेलं."

बन्सीधरराव त्यांच्या शेजारी बसले. तेव्हा ते परभणीला नोकरीवर होते. निरोप आला, सुट्टी काढून आले, लेकराला माती दिली अन् चौथ्या दिवशी परत गेले. त्यानंतर सोळा वर्षं घरात पाळणा हलला नाही. मग पंचफुला झाली. सदतीस वर्षं ही बाई ते ओझं एकटीनं उरावर घेऊन त्यांच्या शेजारी जेवत होती, हसत होती, आणि अडतीस वर्षं दुसऱ्यांचे पंचनामे वाचणाऱ्या माणसाला आपल्या घरात काय घडलं त्याचा पत्ता नव्हता. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"अगं, लेकरू तापानं गेलं," ते म्हणाले. "त्या साली गंगाकाठाला घरोघर लेकरं गेली."

"ते तुमी म्हणता. माज्या जिवाला पटत न्हाई," त्या म्हणाल्या. "एक त्या वाळूनं नेलं. आता ऱ्हायलेलं एक मी होऊन तिथं नेऊन ठेवू?"

 बन्सीधरराव उठले, देवळात जाऊन राहिलेलं सूप घेऊन आले आणि उरलेली तूर स्वतः निवडत बसले. खडे कमी अन् तूर जास्त फेकली, पण मनकर्णाबाईंनी त्या दिवशी त्यांना एका शब्दानं टोकलं नाही.

दुसऱ्या दिवशी देवळात बसल्यावर बन्सीधरराव खाकरले. म्हणाले, "कालच्या मजकुरात दुरुस्ती हाय."

"दुरुस्ती?" आबासाहेब पाटलांनी भुवया चढवल्या. हे आबासाहेब म्हणजे गोजरेच्या घराण्यातले, तिच्या भावाचे पणतू.

"हो. पाण्याचा सवाल अमीनसाहेबानं काढला असं मी काल वाचलं. चुकीचं हाय. सवाल आधी दुसऱ्यानं काढला." आणि त्यांनी नवं पान वाचलं. अमीनसाहेब वाळूत उभा असतो. गावातल्या बायका येतात. त्यांत एक नवी सून, परगावची, कडेवर लेकरू. तीच सासूला विचारते, इथं बुडायला पाणी कुठंय? सासू हात उगारते. तेवढ्यात अमीनसाहेब तो हात वरच्या वर धरतो अन् म्हणतो, "नक्को अम्मा! पूरी बस्ती में अकल है तो इस बच्ची कू है." खेचरावरून उतरायला कंटाळणारा तो माणूस त्या सुनेपुढं टोपी काढतो. लेकरू त्याची दाढी ओढतं, हसतं.

देवळातली माणसं हसली. खांबाआड सुपाचा आवाज थांबला होता. बन्सीधररावांनी तिकडं मुद्दाम बघितलं नाही. त्या दिवशी वाचन संपेपर्यंत मनकर्णाबाई जागच्या उठल्या नाहीत.

गावाला आता वेगळाच घोर लागला. दोघं बुडाली नाहीत, तर मारली कुणी? ज्याच्या त्याच्या पणज्यावर बोटं जाऊ लागली. आबासाहेबांनी तर धास्तीच घेतली. एका सकाळी त्यांच्या घरून लोणकढ्या तुपाचा तांब्या आला, पाठोपाठ आबासाहेब आले. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "कारकून, ते गोजरेचा भाऊ म्हणजे आमचा पणजा. लय तापट होता, मान्य. पण खुनी नका करू बा त्याला. पोरांची लग्नं व्हायची हायेत."

"माजी बी पोरगी हाय, आबासाहेब," बन्सीधरराव म्हणाले. तूप मात्र ठेवून घेतलं.

श्रावण सरता सरता तपास संपला. अमीनसाहेबाला गंगेच्या खालच्या अंगाला, तीन गावं सोडून, वाळूत एक टरबुजाची वाडी दिसते. झोपडीपुढं राखणीला ठेवलेलं एक नवं जोडपं. पोरगी उमरथडीची बोली बोलणारी, पोरगा लिंबगव्हाणची. दोघं पळाली होती! अन् पोरगी पळाली म्हणण्यापेक्षा मेली म्हणणं बरं, म्हणून दोन्ही घरांनी, जन्मात पहिल्यांदाच एकमतानं, बुडाली म्हणून सांगितलं. जित्या लेकरांच्या नावानं आंघोळी केल्या, तेरावा घातला. अमीनसाहेब झोपडीपुढं बसून अख्खं टरबूज खातो, मिशा पुसतो अन् पंचनाम्यात लिहितो, 'दोघंही बुडाली.' मग शिपायाला म्हणतो, "मरे हुए कू कोई ढूंढने नै आता, मियाँ. जीने दो." आणि शेवटची ओळ: पान जित्या माणसाच्या नावानं ठेवलेलं, कावळा शिवेल कसा?

देवळात टाळ्या पडल्या. आबासाहेबांचा जीव भांड्यात पडला. पारावर आठ दिवस दुसरा विषय नव्हता. पण पंचफुलाच्या लग्नाचं निघालं तेव्हा आबासाहेब मान हलवत म्हणाले, "कादंबरी झकास हाय, कारकून. पण ती कादंबरी. गाव आडवं येणार न्हाई तुमाला. मात्र तुमच्या घरात काय इपरीत घडलं तर आमाला म्हणू नका."

म्हणजे सगळं फिरून मनकर्णाबाईंवर आलं. त्या हो म्हणाल्या नाहीत. आता नाही असंही म्हणत नव्हत्या. दिवाळी गेली, संक्रांत गेली, ज्वारी निघाली. पंचफुला वाळली. बोलायची नाही, रडायची नाही, बालवाडीत जायची अन् यायची. शिमग्याला तानुबाईचा निरोप आला. वैशाखातल्या पंचमीपर्यंत वाट बघते. त्यानंतर पोराला दुसरीकडं बघावं लागेल, माझा भरवसा नाही. पंचफुलानं तो निरोप ऐकला अन् पाण्याची घागर उचलून बाहेर गेली. मनकर्णाबाई तिच्या पाठमोऱ्या अंगाकडं बघत राहिल्या.

आणि त्या साली पानाची पाळी नेमकी बन्सीधररावांच्या घराची होती.

मनकर्णाबाईंनी पंचमीला पहाटे उठून पुरण शिजवलं. आबासाहेबांचं तूप होतंच. पाटी डोक्यावर घेऊन त्या पुढं, मागं पंचफुला, त्यामागं बन्सीधरराव. दोन्ही गावांची माणसं जमलेली. सूर्यभान रजा काढून आला होता, आजीला धरून पलीकडून पायी उतरला. गंगेच्या मधोमध एक वासरू उभं होतं, त्याचे नुसते खूर भिजलेले. मनकर्णाबाईंनी दगडांपुढं पान वाढलं, पाणी फिरवलं, हात जोडले अन् मागं सरकून बसल्या.

कावळा आला नाही. ऊन चढलं. आबासाहेब उपरण्यानं मान पुसायला लागले. माणसं उठायच्या बेतात होती.

तेवढ्यात मनकर्णाबाई उठल्या. सरळ पानापाशी गेल्या, मांडी घालून बसल्या, पोळीचा तुकडा मोडला अन् तोंडात घातला.

"अगं ए!" बायका किंचाळल्या. आबासाहेब उभे राहिले. कादंबरी ज्यांची, ते बन्सीधररावच त्यांना अडवायला उठले. दोन पावलं पुढं गेले अन् थांबले. मनकर्णाबाई खात होत्या.  पोळी झाली, भात झाला, कढीची वाटी तोंडाला लावली. मग तोंड पुसून त्यांनी मान वर केली.

"आबासाहेब, इथं बुडायला पाणी कुठंय?"

कुणी हात उगारला नाही. आबासाहेबांनी गंगेकडं पाहिलं, वासराच्या खुरांकडं पाहिलं.  मग हळूच म्हणाले, "पाणी तर न्हाई, बाई."

"मंग माजं लेकरू तापानं गेलं," मनकर्णाबाई म्हणाल्या, अन् तोंडावर पदर घेऊन मोठ्यानं रडल्या. इतक्या वर्षांत गावानं त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. पंचफुलानं पळत येऊन आईला मिठी मारली. तानुबाई काठी टाकून शेजारी बसली, त्याच पानातली उरलेली पोळी मोडून खाल्ली अन् म्हणाली, "पुरण झ्याक जमलंय, इहीणबाई." मनकर्णाबाईंनी रडता रडताच तिच्यापुढं तुपाची वाटी सरकवली. पाटीतल्या बाकीच्या पोळ्याही मग बाहेर निघाल्या, अन् त्या दिवशी लिंबगव्हाणची कुत्री उपाशी राहिली.

लग्नाची ज्येष्ठातली तारीख तिथंच वाळूत बसून ठरली. तिथी बन्सीधररावांनी स्वतः दोनदा तपासली. माणसं पांगली, पंचफुला तानुबाईला पलीकडं सोडायला गेली. सूर्यभान सोबत असताना म्हातारीला सोडायला आणखी एक माणूस कशाला, हे कुणी विचारलं नाही.

ही दोघं नवराबायको घराकडं निघाली. वाळू तापली होती. बरंच अंतर गेल्यावर मनकर्णाबाई थांबल्या.

"अवं, तुमच्या वहीत ती सून होती ना, कडेवर लेकरू असलेली?"

"हो."

"त्या लेकराचं पुढं काय झालं? तुमी वाचलंच न्हाई."

बन्सीधररावांनी ते लिहिलंच नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला.

"मोठं झालं की," ते म्हणाले. "टरबुजाची वाडी करतंय. गंगाखेडच्या बाजाराला जातंय."

मनकर्णाबाईंनी मान डोलावली. "बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि रिकामी पाटी डोक्यावर घेऊन पुढं चालू लागल्या.